घसा धरलाय, रात्री आवंढा गिळवत नाही. घरी काय करता?

रानजाई · मंगळवार, रात्री ११:५२

चार दिवस झाले घसा धरलाय. पहिल्या दिवशी नुसती खवखव होती, नाक गळत होतं, वाटलं जाईल आपोआप. दिवसा तसं चालून जातं. कामात लक्ष असतं, सारखं काहीतरी गरम पोटात जात असतं. खरा त्रास रात्री. दोन-अडीचला जाग येते ती आवंढा गिळतानाच. घशात काटे रुतल्यासारखं होतं. तोंड कोरडं ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली. मग उठून मिठाच्या गुळण्या करायच्या, पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं, जरा डोळा लागतो की पुन्हा तेच.

ताप म्हणण्यासारखा नाही. काल संध्याकाळी ९९ होता. जरा घसा दुखला की डॉक्टरकडे धावायची मला सवय नाही, आणि बहुतेक वेळा तशी गरज पडतही नाही. पण झोप होत नसल्यामुळे आता रडू यायला लागलंय. दिवसा शिकवायचं असतं, म्हणजे बोलण्यावाचून सुटका नाही.

तर नेमका प्रश्न: रात्रभर पुरेल असं काय करता? पंधरा मिनिटांचं नको, सकाळपर्यंतचं सांगा.

वाटसरू · मंगळवार, रात्री ११:५९

गुळण्यांचं प्रमाण काय घेतेस? बरेच जण चिमूटभर मीठ टाकतात, त्याने काही होत नाही. पेलाभर, म्हणजे २४० मिली कोमट पाण्याला अर्धा लहान चमचा मीठ. आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा ०.९ टक्के असतो. अर्ध्या चमच्याने पाणी साधारण सव्वा टक्का होतं, म्हणजे त्याहून जरासं खारट. त्यामुळे सुजलेल्या पेशींतलं पाणी थोडं बाहेर ओढलं जातं आणि चिकट कफ सुटतो. जास्त मीठ टाकलं तर घसा उलट चरचरतो, हेही लक्षात ठेव.

चिंचेचं_बोटूक · बुधवार, सकाळी ६:४०

आमचे आजोबा पहाटे पाचला गुळण्या करायचे. त्या आवाजाने सगळं घर उठायचं, कोणाला गजर लावावा लागत नसे. एकदा माझा धाकटा भाऊ झोपेतून उठून विचारतो, "बाबांची गाडी चालू होत नाहीये का?"

रानजाई, लवकर बरी हो. गुळण्या जोरात कर, घर जागं असलं की सोबत असते :)

अंकगणित · बुधवार, सकाळी ७:१५

गुळण्यांनी समाधान मिळतं, बाकी काही नाही, असं माझं मत आहे. गुळणीचं पाणी पडजिभेच्या आसपास पोचतं, तिथून खाली जात नाही. आवाज बसला असेल तर स्वरयंत्रापर्यंत एक थेंबही जात नाही. विषाणू पेशींच्या आत बसलेला असतो, त्याला मीठ काय करणार?

वाटसरू · बुधवार, सकाळी ७:३१

@अंकगणित, पाणी कुठवर पोचतं ते तुमचं बरोबर. समाधानाचं तितकं सरळ नाही. जपानमध्ये ३८७ निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला होता, २००५ साली प्रसिद्ध झाला. साध्या पाण्याने दिवसातून तीनदा गुळण्या करणाऱ्यांत सर्दी-घशाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळलं. आयोडीनच्या औषधी गुळण्या करणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. एडिंबरोच्या २०१९ च्या अभ्यासात ६६ मोठी माणसं होती. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सरासरी १.९ दिवस लवकर आटोपली. दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि पहिला तर घसा धरण्याआधीचा आहे. तरी "काही नाही" म्हणण्याइतकं रिकामं प्रकरण नाही हे.

अंकगणित · बुधवार, सकाळी ७:४४

मान्य. नाक धुण्याचा भाग मला माहीत नव्हता. शब्द मागे घेतो.

दूरवरचे_दिवे · बुधवार, सकाळी ८:२०

मध. झोपायच्या आधी एक चमचा मध तोंडात घ्यायचा आणि लगेच न गिळता हळूहळू उतरू द्यायचा. त्यावर पाणी प्यायचं नाही. घशाला आतून लेप बसल्यासारखं वाटतं आणि रात्री ढास लागत असेल तर तीही कमी होते. खोकल्यासाठी मधाचा उपयोग होतो हे ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलं होतं. आमच्याकडे औषधांच्या डब्यातच मधाची बाटली असते.

उकळत्या पाण्यात मात्र घालू नका. पाणी पिण्याजोगं कोमट झालं की मग घाला.

कोवळं_ऊन · बुधवार, सकाळी ८:३३

मधाचा विषय निघालाच आहे तर हात जोडून सांगते: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. बोटावर लावून चाटवणंसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, रडणं क्षीण होतं. उकळून किंवा भाजूनही ते बीजाणू मरत नाहीत. माझ्या पहिल्या बाळंतपणात घरातल्या मोठ्यांशी यावरून वाद झाला होता आणि मी हटले नाही. आजही हटणार नाही.

भरदुपार · बुधवार, सकाळी ९:०५

इतके प्रतिसाद आले आणि थंडाबद्दल कोणीच बोललं नाही? ताई, फ्रिजचं पाणी बंद करा आधी. घसा धरतो तो थंडानेच.

पाणकोंबडी · बुधवार, सकाळी ९:२२

@भरदुपार, माझा अनुभव अगदी उलटा. टॉन्सिल काढले तेव्हा डॉक्टरांनीच मला बर्फाचे तुकडे चघळायला सांगितले होते. थंडाने तिथलं दुखणं बधिर होतं, सूज उतरते. मुरगळलेल्या घोट्यावर आपण बर्फ ठेवतोच ना, तसंच हे. घसा धरतो तो विषाणूमुळे, कोणाच्या तरी खोकल्या-शिंकेतून किंवा हातांतून आलेल्या. गार पाण्याने नाही.

भरदुपार · बुधवार, सकाळी ९:४०

टॉन्सिल काढणं वेगळं, सर्दी वेगळी. मी गार प्यायलो की दुसऱ्या दिवशी घसा दुखतोच. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

कान_नाक_घसा · बुधवार, दुपारी १:१०

(मी याच विषयाचा डॉक्टर आहे, नावातच सगळं आलं.)

थंड-गरमाचा वाद माझ्या दवाखान्यातही रोज होतो. दुखऱ्या घशाला जे बरं वाटतं ते द्या. काहींना कोमट बरं वाटतं, काहींना गार. दोन्हींनी आजार लांबत नाही. @भरदुपार, तुमच्या घशाला गार सोसत नसेल तर जरूर टाळा, पण ज्याला बर्फाने आराम पडतो त्याला अडवू नका. लहान मुलांना बर्फाचे खडे मात्र नकोत, घशात अडकतात. चघळायच्या कडक गोळ्याही चार-पाच वर्षांखालच्यांना देऊ नका.

आता मुख्य प्रश्नाकडे. घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणं विषाणूंची असतात. काहीही औषध न घेता साधारण ४० टक्के लोकांचा घसा तीन दिवसांत आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांचा आठवड्यात बरा होतो. आपण घरी जे करतो त्याने आजार मरत नाही, तो जाईपर्यंतचे दिवस सुसह्य होतात. हे मी कमी लेखत नाही. रात्रीची झोप मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

त्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय साधी वेदनाशामक गोळी. लोक गुळण्या, काढे, वाफा सगळं करतात आणि गोळीला घाबरतात. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, झोपण्याच्या अर्धा तास आधी. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. सर्दीच्या एकत्रित गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, पाकीट वाचून बेरीज करा. आयबुप्रोफेन घशाच्या दुखण्यावर चांगलं काम करतं, पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा डेंगीचा संशय असेल तर घेऊ नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही.

डॉक्टरकडे कधी यायचं तेही सांगतो. थुंकीही गिळता न येणं, लाळ गळणं, तोंड उघडायला त्रास, तोंडात गरम घास असल्यासारखा घोगरा आवाज, श्वास घेताना घरघर किंवा धाप, एकाच बाजूला वाढत जाणारं दुखणं: यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. आठवडा होऊनही उतार नसेल तर दाखवा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र तपासून घ्या.

सायंतारा · बुधवार, दुपारी २:०२

माझ्याकडे मागच्या वेळच्या ॲमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या उरल्यात. सुरू केल्या तर चालतील का? माझाही घसा कालपासून दुखतोय, खोकला-सर्दी आहे.

कान_नाक_घसा · बुधवार, दुपारी २:२५

@सायंतारा, नको. सर्दी-खोकला सोबत असेल तर विषाणूचीच शक्यता जास्त, आणि त्यावर प्रतिजैविक काहीच करत नाही. चार गोळ्या तर जिवाणू असता तरी पुरल्या नसत्या.

प्रतिजैविक लागतं ते स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या घशाला. मोठ्यांत ५ ते १५ टक्के, मुलांत २० ते ३० टक्के घसे त्याचे असतात. खूण अशी: एकदम चढलेला ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला पुढून दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. शाळकरी वयात असा घसा अंगावर काढू नये. काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हे टाळता येतं. पेनिसिलिन या जिवाणूवर आजही चालतं, फक्त तोंडाने घेतलं तर पूर्ण दहा दिवस घ्यावं लागतं.

आणखी एक. तरुण मुलांत घसा, गाठी, ताप, प्रचंड थकवा असा एक ग्रंथिज्वर असतो, एपस्टाइन-बार विषाणूचा. त्यात ॲमॉक्सिसिलिन घेतलं तर अनेकांच्या अंगभर पुरळ उठतं. तेव्हा उरलेल्या गोळ्या डब्यातून काढा.

सायंतारा · बुधवार, दुपारी २:४१

काढल्या. धन्यवाद डॉक्टर.

जुनी_विहीर · बुधवार, दुपारी ४:१५

वाफाऱ्याबद्दल कोणी लिहायच्या आत मीच लिहिते. माझ्या भाचीला सहाव्या वर्षी वाफ देताना पातेलं कलंडलं. डोक्यावर पांघरूण होतं, त्यामुळे ती चटकन बाहेरही येऊ शकली नाही. मांड्यांवर भाजल्याच्या खुणा अजून आहेत. आता ती कॉलेजात आहे आणि अजून तोकडे कपडे घालत नाही.

मोठ्यांनी स्वतःपुरती घ्यायची तर घ्या. मुलांना टोपात पाणी उकळून वाफ देऊ नका. अंघोळीच्या वेळी गरम पाण्याने कोंदलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा, तेवढं पुरतं.

कान_नाक_घसा · बुधवार, दुपारी ४:३८

@जुनी_विहीर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. वाफेने सर्दी लवकर बरी होते असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही, भाजलेली मुलं मात्र मी स्वतः बघितली आहेत.

खडू_फळा · बुधवार, संध्याकाळी ६:००

रानजाई, मीही शिक्षक आहे, एकवीस वर्षं झाली. घसा दुखत असताना आवाज वाचवायला आपण कुजबुजत बोलतो. मी दोन वर्षं तेच करायचो आणि आवाज आणखी बसायचा. शेवटी वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की कुजबुजताना पुष्कळ जणांच्या स्वरयंत्रावर उलट ताण येतो. बोलायचंच तर हळू पण खऱ्या आवाजात बोलायचं. घसा खाकरायचा नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही. मी टेबलावर डस्टर दोनदा आपटतो, मुलं गप्प होतात. त्यांना त्याचा अर्थ कळतो.

चार दिवस मुलांना लिहायला लाव. एक धडा कमी झाला तर काही बिघडत नाही.

शेवंती_वेणी · बुधवार, संध्याकाळी ७:१२

ज्येष्ठमधाची काडी कोणीच कशी सुचवली नाही? तोंडात ठेवून चघळायची, गोडसर रस उतरत राहतो. खोकलाही शमतो.

अंकगणित · बुधवार, संध्याकाळी ७:३०

@शेवंती_वेणी, ज्येष्ठमधावर मला आक्षेप नाही, बघा :) भूल देताना घशात नळी घालतात आणि शुद्धीवर आल्यावर घसा दुखतो. त्यासाठी आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या करवून घेतल्या तर दुखणं कमी होतं, असं चाचण्यांत दिसलंय. पण रक्तदाब असणाऱ्यांनी रोज चघळू नये. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे दाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. माझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते महिनाभर चघळत होते आणि दाब का उतरत नाही ते कोणाला कळेना.

पाऊलवाट · बुधवार, रात्री ९:४८

सगळे उपाय वाचले, पण रानजाईने पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली होती ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. "तोंड कोरडं ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली." रात्री नाक बंद होतंय ना? मग तू तोंडाने श्वास घेतेस. नाक हवा गरम आणि ओलसर करून आत सोडतं, तोंडाला ते जमत नाही. सात तास कोरडी हवा थेट सुजलेल्या घशावर. शिवाय झोपेत लाळ कमी सुटते आणि आपण गिळतोही कमी. मग गुळण्या पंधरा मिनिटं टिकतात यात नवल काय?

उपाय घशाचा नको, नाकाचा कर. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा नाक धुणं. धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, थेट नळाचं नको, फार क्वचित पण मेंदूपर्यंत जाणारा अमीबा त्यातून शिरतो. नाक मोकळं करणारे औषधी फवारे तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरू नकोस, नंतर त्यांनीच नाक चोंदतं. डोक्याखाली एक उशी जास्त घे.

मध्यरात्र · बुधवार, रात्री १०:२०

+१ पाऊलवाट. थोडं अवांतर: ज्यांचा घसा रोज सकाळी दुखतो आणि दहा वाजेपर्यंत बरा होतो, सर्दी-ताप काहीच नाही, त्यांनी पित्ताकडेही बघावं. माझं सहा महिने तेच चाललं होतं. पोटातलं आम्ल रात्री वर येत होतं. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवले, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ते वीतभर उंच केले, आणि घसा शांत झाला.

पितळी_घंटा · बुधवार, रात्री १०:३५

अवांतरात माझंही: दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकून टाका. मी भरत नव्हतो. घशात बुरशी झाली आणि मी आठ दिवस मध चाटत बसलो होतो.

रानजाई · गुरुवार, संध्याकाळी ६:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाऊलवाट म्हणाली तसं नाकात मिठाचे थेंब घातले, उशी वाढवली, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली. चार तास सलग झोपले! पण आज दुपारपासून अंग मोडून आलंय. आत्ता ताप १०१. घसा कालपेक्षा जास्त दुखतोय आणि गालाच्या आतून एक फोड आल्यासारखं वाटतंय. गोळी घेऊन झोपते, उद्या बघू. रोजची थायरॉइडची गोळी, ती दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली, तिच्याबरोबर पॅरासिटामॉल चालतं ना?

निशिगंधा · गुरुवार, संध्याकाळी ६:५८

रानजाई, थांब. थायरॉइड कमी आहे की जास्त? गोळीचं नाव काय?

रानजाई · गुरुवार, संध्याकाळी ७:०३

जास्त. कार्बिमाझोल.

निशिगंधा · गुरुवार, संध्याकाळी ७:०६

मग उद्या नाही, आत्ता ऊठ. माझ्या नवऱ्याला हीच गोळी होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहून दिलं होतं: घसा दुखला, ताप आला किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. या गोळीने काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. पहिल्या तीन महिन्यांतच जास्त. तुला दोन महिने झालेत. आजची थायरॉइडची गोळी घेऊ नकोस, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घे, सोबत कोणालातरी ने. घाबरू नकोस, पण नीघ.

कान_नाक_घसा · गुरुवार, संध्याकाळी ७:११

निशिगंधा यांचं शंभर टक्के बरोबर आहे. मी बुधवारी "रोज काही औषध चालू आहे का" हे विचारायला हवं होतं, ते राहिलं. हा परिणाम क्वचित होतो आणि तुमचा घसा बहुधा सर्दीचाच असेल, पण ते ठरवायला रक्ताचा अहवालच लागतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजायला सांगा. तातडीच्या विभागात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: "मी कार्बिमाझोल घेते, मला ताप आणि घसा आहे." आणि पोचण्याआधी तापाचा आकडा लिहून ठेवा, गोळीने ताप उतरला तर त्यांना दिसणार नाही.

रानजाई · गुरुवार, संध्याकाळी ७:१४

निघाले. भाऊ सोबत आहे.

चिंचेचं_बोटूक · गुरुवार, रात्री १०:३०

काही कळलं का?

पाऊलवाट · गुरुवार, रात्री ११:४५

जागीच आहे मी. रानजाई, जमेल तेव्हा एक शब्द टाक.

रानजाई · शुक्रवार, पहाटे १:२०

घरी आले. पांढऱ्या पेशी ७,१००, न्यूट्रोफिल ४,२००. व्यवस्थित आहेत!! गालाची फोड म्हणजे दात लागून झालेली जखम निघाली. घसा लाल आहे, ठिपके नाहीत, गाठी नाहीत. विषाणूचाच म्हणाले. थायरॉइडची गोळी उद्यापासून पुन्हा सुरू. निशिगंधा, तुमचं नावही मला माहीत नाही. वाट बघत बसलेले असताना तुमचा प्रतिसाद मी पाच-सहा वेळा वाचला.

निशिगंधा · शुक्रवार, सकाळी ६:१०

वाचून डोळे भरून आले गं. झोप आता. आणि पुढच्या वेळी घसा दुखला तरी पुन्हा हेच करायचं, "मागच्या वेळी काही निघालं नव्हतं" असं म्हणायचं नाही.

तांबूस_कडा · शुक्रवार, सकाळी ९:००

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. मला तीन आठवड्यांपूर्वी हीच गोळी सुरू झाली. मला कोणी हे सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं असेल तर माझ्या लक्षात राहिलं नाही. आज कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

रानजाई · रविवार, सकाळी १०:४०

मूळ प्रश्नाचं उत्तर मीच लिहिते, कारण मला ते तुमच्याकडून मिळालं.

काल रात्री अकरा ते सहा झोपले. मधे एकदाच जाग आली. रात्री जेवण आठला. साडेदहाला नाक मिठाच्या पाण्याने धुतलं, पाणी सकाळीच उकळून गार करून ठेवलेलं. मग पॅरासिटामॉल, मग गुळण्या, आणि शेवटी चमचाभर मध, त्यावर काही नाही. दोन उश्या. उशाशी पाण्याचा पेला, जाग आली की गुळण्या करायला न उठता दोन घोट घ्यायचे, म्हणजे झोप पूर्ण मोडत नाही. यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळं काढून सांगता येणार नाही, पण नाक मोकळं झाल्या दिवसापासून तोंड कोरडं पडत नाहीये हे नक्की. घसा आता फक्त सकाळी खवखवतो. शुक्रवार-शनिवार मुलांना निबंध लिहायला दिला. खडू_फळा, डस्टर दोनदा आपटलं. मुलं खरंच गप्प झाली.

खडू_फळा · रविवार, सकाळी ११:०५

म्हणालो ना!

कोवळं_ऊन · रविवार, दुपारी १२:१५

डॉक्टर, एक शेवटचा प्रश्न. माझ्या मुलाला सहा वर्षं पूर्ण झाली. त्याला गुळण्या कशा शिकवायच्या? पाणी तोंडात घेतो आणि लगेच गिळून टाकतो.

कान_नाक_घसा · रविवार, दुपारी १२:४०

आधी मीठ नको, साधं कोमट पाणी. आरशासमोर तुम्ही करून दाखवा. अगदी छोटा घोट घ्यायचा, मान थोडी मागे, छताकडे बघत "आऽऽ" म्हणायचं, दोन सेकंदांत थुंकायचं. आवाज निघाला की मुलांना गंमत वाटते. ते नीट जमलं की मगच मीठ. एखाद वेळी गिळलं तरी बिघडत नाही, पण ठसका लागत असेल तर महिनाभर थांबा आणि तोवर कोमट पाणी पाजत राहा.